मदत हवी आहे : श्रॉपशायरमधील डोंगराच्या जुन्या काचेच्या स्लाइडची सुलट बाजू कोणती?

नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या जुन्या बाजारात मला मॅजिक लँटर्नची, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवणाऱ्या जुन्या यंत्राची, एक काचेची स्लाइड मिळाली. कल्याणच्या पटवर्धनांच्या ‘शांबरिक खरोलिका’ या मॅजिक लँटर्नच्या खेळात हाताने रंगवलेल्या काचा असत. ही मात्र कृष्णधवल छायाचित्राची आहे आणि सव्वातीन इंच चौरस, म्हणजे ब्रिटिश मापाची आहे. कडेची काळी कागदी पट्टी सुटून आली असून तिच्या एका तुकड्यावर शाईने ‘स्टिपरस्टोन्स, श्रॉपशायर’ एवढेच लिहिलेले वाचता येते. स्लाइड यंत्रात कोणत्या बाजूने घालायची हे कळावे म्हणून काचेवर पांढरे ठिपके चिकटवण्याची पद्धत होती. या काचेवर ते उरलेले नाहीत आणि माझी सारी अडचण तिथूनच सुरू होते.

श्रॉपशायर हा इंग्लंडचा वेल्सच्या सीमेला लागून असलेला, बहुतांशी शेतीचा परगणा. माझे बालपण विजयदुर्गाजवळ गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा तो किल्ला इंग्रजांनी घेतला, तेव्हा आरमार ॲडमिरल वॉटसनचे आणि जमिनीवरील फौज रॉबर्ट क्लाइव्हची होती. हा क्लाइव्ह श्रॉपशायरमधील मार्केट ड्रेटनजवळ जन्मलेला, म्हणून मी त्या परगण्याविषयी वाचू लागलो. पुढे क्लाइव्ह मागे पडला आणि तिथल्या डोंगरांनीच मला धरून ठेवले.

स्टिपरस्टोन्स हा सुमारे ४८ कोटी वर्षे जुन्या क्वार्टझाइट या कठीण खडकाचा कणा आहे. हिमयुगातील गोठण्या-वितळण्याने तो फुटत गेला आणि माथ्यावर सुट्या सुळक्यांची ओळ तेवढी उभी राहिली. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना शेफर्ड्स रॉक, डेव्हिल्स चेअर, मॅनस्टोन रॉक आणि क्रॅनबेरी रॉक असा क्रम लागतो. त्यांतील मॅनस्टोन सर्वांत उंच, ५३६ मीटर. डेव्हिल्स चेअर ढगात बुडाली की सैतान खुर्चीवर येऊन बसला, असे तिथले लोक म्हणतात. माझ्या काचेवरही एका लांबट सुळक्यावर ढग अगदी टेकलेला आहे. खाली उतारावर दगडी गडग्यांची वावरे, एक कौलारू घर आणि चित्राच्या उजव्या कडेला एक उंच धुराडे दिसते.

प्रश्न या धुराड्याचा आहे. या डोंगराच्या पश्चिम अंगाला शिशाच्या खाणी होत्या आणि त्या फार जुन्या. रोमन सम्राट हेड्रियनचे नाव असलेली शिशाची लगड याच परिसरात सापडली आहे. चित्र पश्चिमेकडून घेतले असेल, तर डावीकडे उत्तर आणि उजवीकडे दक्षिण येते. काच मी धरली तशीच सुलट असेल, तर धुराडे दक्षिण टोकाच्या ‘द बॉग’ या खाणीचे ठरते. ते खाणगाव पुढे पाडून टाकण्यात आले आणि शाळेची इमारत तेवढी उरली, त्यामुळे तिथले जुने चित्र मिळणे मला फार मोलाचे वाटते. काच उलटी असेल, तर डावे-उजवे बदलते आणि धुराडे उत्तरेकडील स्नेलबीचचे. या स्नेलबीच खाणीत मार्च १८९५ मध्ये कामगारांना खाली उतरवणाऱ्या पाळण्याचा दोर तुटून सात कामगार मेले होते. आभाळ भरलेले असल्याने सावल्या पडलेल्या नाहीत, नाहीतर त्यांच्यावरून दिशा ठरवता आली असती.

मी घरबसल्या करता येईल तेवढे केले आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे जुने, मैलाला सहा इंच प्रमाणाचे नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहता येतात. त्यांवर दोन्ही खाणी सापडल्या. जिओग्राफ या २००५ पासून चालणाऱ्या प्रकल्पात ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रत्येक चौरस किलोमीटरची छायाचित्रे लोक जमवत आहेत. त्यात ब्रिटिश नकाशांच्या जाळीतील एसओ ३६९८ आणि एसओ ३६९९ हे या माथ्याचे चौकोन मी पुन्हा पुन्हा पाहिले. परंतु छायाचित्रकार शंभर पावले इकडे-तिकडे सरकला तरी दोन सुळक्यांमधली खिंड रुंद किंवा अरुंद दिसते आणि त्यांची उंचीही कमी-अधिक भासते, त्यामुळे नुसत्या आकारावरून निर्णय देण्याचे धाडस मला होत नाही. माझा कल काच उलटी असल्याकडे आहे, कारण धुराड्याभोवती दाट झाडी दिसते आणि स्नेलबीचच्या उतारावर आजही रान आहे.

बर्मिंगहॅम, टेलफर्ड किंवा श्रूजबरीच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की, त्या बाजूला जाणे झाल्यास पेनर्ली गावाच्या रस्त्यावरून पूर्वेकडे तोंड करून, संपूर्ण माथा येईल असे एक छायाचित्र घ्यावे आणि कोठे उभे राहून घेतले तेही कळवावे. काच हाताळण्याची सवय असलेल्यांना आणखी एक विचारायचे आहे. पट्टी सुटलेली असताना चित्राचा थर एकमेकींवर बसवलेल्या दोन काचांपैकी कोणत्या काचेवर आहे हे, काचा वेगळ्या न करता, तिरप्या उजेडात ओळखता येते का, आणि त्यावरून सुलट बाजू खात्रीने ठरते का? श्रूजबरीच्या श्रॉपशायर आर्काइव्ह्जला पत्र लिहिण्यापूर्वी मला एवढे समजून घ्यायचे आहे.

हे सारे मी मराठीत सविस्तर लिहिणार आहे, म्हणून उच्चारांचेही विचारतो. याच डोंगराच्या पूर्वेकडील रॅटलिंगहोप असे लिहिल्या जाणाऱ्या गावाला तिथले लोक ‘रॅचप’ म्हणतात, आणि श्रूजबरीला काही जण ‘श्रोजबरी’ म्हणतात. मराठीत लिहिताना स्थानिक उच्चार घ्यावा की अक्षरांप्रमाणे लिहावे? स्लाइडची दोन्ही बाजूंनी केलेली स्कॅन चित्रे आज रात्रीपर्यंत इथेच जोडतो.