घर सासूच्या नावावर आहे, ताईला तिथं राहायचा हक्क आहे का?

राजारामपुरीकर:
ताईला मिरजेत दिलीय. दाजी पिऊन मारतात हे आम्हाला दिवाळीला कळलं, तोवर ती गप्पच. आता पोराला घेऊन कोल्हापुरात आमच्याकडं आलीय. सासू म्हणती घर माझ्या नावावर, तुझा काय संबंध, दागिने पण तिकडंच कपाटात. पोलिसांकडं गेलो तर घरगुती मामला आहे मिटवून घ्या म्हणाले. ताईला घटस्फोट नकोय, मार थांबावा आणि डोक्यावर छप्पर असावं एवढंच. केस मिरजेतच टाकावी लागती का? वकील परवडंल असं वाटत नाही.

बावडेकर_वकील:
मिरजेला जायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई सध्या जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो, कलम २७ बघा. घटस्फोटाचा यात संबंधच नाही. घराचं म्हणाल तर २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सामायिक घर, म्हणजे सुनेला राहायचा हक्क असलेलं घर, धरता येतं, त्यामुळं 'माझ्या नावावर' एवढ्यानं विषय संपत नाही. पण सासूला बाहेर काढा असा आदेश मिळणार नाही, बाईविरुद्ध तो देता येत नाही. नवऱ्याला काढता येतं, नाहीतर त्याच्याकडनं दुसऱ्या घराचं भाडं मागा. मला विचाराल तर असल्या घरात परत पाठवण्यापेक्षा भाडंच मागा. मारू नये म्हणून संरक्षण आदेश, पोराचा ताबा, खर्ची हे सगळं त्याच अर्जात येतं, आणि अंतरिम आदेश आधी मागायचा. कायदा ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात.
फी नको. बाईला उत्पन्न कितीही असू दे, सरकारी मोफत वकील मिळतो. कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जावा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

पेन्शनर_काका:
कोर्टाची पायरी कशाला, दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसवा की.

अंबाबाईची_लेक:
काका, आमच्यात पण बसवलीती. बैठक झाली की त्या रात्री जास्त मार पडायचा. शाहू महाराजांनी १९१९ ला संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केलता आणि आपण अजून बैठकीवरच.
दादा, ताईला आधी महिला व बालविकासच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं न्या, ते रिपोर्ट भरून कोर्टात देतात, पैसे लागत नाहीत. अंगावर वळ असतील तर आजच सीपीआर सरकारी दवाखान्यात दाखवा, कागद घ्या, फोटो काढा, नंतर वळ जातात आणि सगळे म्हणतात कुठं काय झालंय. १८१ महिलांची हेल्पलाइन आहे, दाजी दारात येऊन दंगा घालाय लागले तर सरळ ११२.

राजारामपुरीकर:
आणि दागिने?

बावडेकर_वकील:
ते स्त्रीधन, तिचंच. त्याच अर्जात परत मागा. लग्नातले फोटो, सोनाराच्या पावत्या शोधून ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मारहाणीची फौजदारी तक्रार वेगळी, सासरच्या छळाचं दंड संहितेतलं जुनं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, ती करायची का नाही ते ताईला ठरवू दे, तुम्ही घाई करू नका.