विमानप्रवासात जाणाऱ्या तासांचा खर्च कसा धरावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आमच्या सर्व्हिस इंजिनिअरांना ग्राहकांकडे सतत विमानाने जावं लागतं. तिकिटाचा नियम एकच, सगळ्यात स्वस्त. थेट विमान महाग, म्हणून मधे थांबा असलेलं तिकीट निघतं आणि जाताना तीन, येताना तीन तास जास्त मोडतात. हे तास कुठल्याच व्हाउचरवर येत नाहीत. साहेब म्हणाले, "आकडा दाखव, नियम बदलू." तिथेच मी अडलेय.

आतापर्यंत केलं ते असं. वर्षाचा पगार भागिले २०८० (५२ आठवडे, दर आठवड्याला ४० तास) करून ताशी दर काढला. पण सुट्ट्या आणि रजा मिळून ३० दिवस माणूस कामावर नसतोच, तेव्हा खरे तास १८४०. एवढ्यानेच दर १३ टक्के चढला. विमा, बोनस, निवृत्तीची तरतूद, ऑफिसचा खर्च यांचे ३५ टक्के घातले तर पहिल्या दराच्या दीडपट झाला.

तिकिटावरची वेळ फक्त गेट ते गेट असते, म्हणून एका इंजिनिअरला दारापासून दारापर्यंत वेळ लिहून ठेवायला सांगितलं. विमानतळ गाठायला १ तास, चेक-इन, सिक्युरिटी आणि बोर्डिंगला पावणेदोन, विमान २ तास, उतरून बॅग मिळेपर्यंत ४० मिनिटं, पुढे टॅक्सी ५० मिनिटं. दोन तासांच्या विमानाला सव्वासहा तास!

प्रश्न दोन आहेत. विमानात लॅपटॉपवर काम होतं, ते वजा कसं करायचं? आणि रविवारी संध्याकाळी निघालेल्या माणसाचे तास कुणाच्या खात्यावर? शीटमध्ये ते शून्य दिसतात, म्हणून गैरसोयीचं तिकीट दर वेळी जिंकतं. त्याच्या घरच्यांचा रविवार गेला, तो शून्य कसा? मला हे मनापासून खटकतं.

प्रतिसाद १
ताई, तुमचे दोन्ही प्रश्न वाहतूक-अर्थशास्त्रात जुने आहेत. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड हेन्शर यांनी १९७७ मध्ये यासाठी सूत्र मांडलं. त्याचा गाभा असा : वाचलेल्या वेळातला किती भाग माणसाच्या स्वतःच्या वाट्याला जातो, वाचलेल्या वेळात एरवी प्रवासात किती काम झालं असतं, आणि ते काम ऑफिसच्या तुलनेत किती टक्के होतं. समजा जास्तीच्या तीन तासांत निम्मा वेळ लॅपटॉप उघडा होता आणि काम ऑफिसच्या ६० टक्के झालं. म्हणजे ०.९ तास हाती लागला, २.१ बुडाले. विमान बदलताना काम तुटतं, तेव्हा ही टक्केवारी इंजिनिअरांनाच विचारा, अंदाजाने टाकू नका.
स्वतःच्या वेळालाही त्या सूत्रात किंमत आहे. ती सहसा कामाच्या तासापेक्षा कमी धरतात, पण शून्य नाही.

प्रतिसाद २
"पगार तर तसाही द्यायचाच असतो," असं कुणीतरी म्हणणारच, तयारीत राहा. त्या तासात दुसरं काम अडलं का, हे बघायचं. ग्राहक रांगेत असतील तर बुडालेल्या तासाला बिलिंगचा दर, म्हणजे ग्राहकाला तासामागे लावता तो, लावा. मात्र पगाराचा दर आणि बिलिंग दोन्ही एकाच तासावर चढवू नका, साहेब पहिल्या मिनिटाला पकडतील आणि सगळी शीट बाजूला पडेल.
आणखी एक, ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमानही वेळेवर धरलं जातं. थांबा असलेल्या प्रवासात तेवढ्यानेही पुढचं विमान चुकू शकतं. वर्षभरात किती वेळा चुकलं ते जुन्या बिलांत सापडेल.

धागाकर्ती
खूप आभार! लगेच बसून केलं. जाऊन-येऊन ४.२ तास, त्याला दीडपट दर, म्हणजे एका फेरीला साध्या दराने सव्वासहा तासांचा पगार. अनेक फेऱ्यांत थेट तिकिटाचा जादा खर्च याहून कमी निघतोय. रविवारचे तास वेगळ्या रकान्यात टाकलेत आणि त्यांच्यासाठी कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) मागणार आहे. मग ते दोनदा मोजले जातील का?

प्रतिसाद १
कॉम्प ऑफ मिळाला की तो वेळ कंपनीचा झाला. तेवढे तास रविवारच्या रकान्यातून काढा आणि पूर्ण दराने कामाच्या तासांत घाला.