सिस्प्लॅटिननंतर वडिलांचे क्रिएटिनिन वाढले आहे

प्रश्न (सिडको, नाशिक):
माझ्या वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिले जात आहे. दुसऱ्या डोसनंतर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ वरून १.६ वर गेले, म्हणून डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला आहे. मूत्रपिंडाची ही इजा कायमची असते का?

उत्तर (पंचवटी):
ताई, सिस्प्लॅटिन मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींमध्ये साठते आणि त्यांना इजा करते. म्हणूनच औषधाच्या आधी व नंतर शिरेवाटे सलाईन देतात. या इजेमुळे मॅग्नेशियमही लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे पायांत गोळे येत असतील तर त्याची तपासणी अवश्य करून घ्यावी. अनेकांचे क्रिएटिनिन काही आठवड्यांत खाली येते, मात्र काहींच्या मूत्रपिंडाची क्षमता पूर्ववत होत नाही.

उत्तर (नाशिकरोड):
घशाच्या रुग्णांना गिळणे कठीण जाते, त्यात उलट्या होतात आणि सध्याच्या उन्हात शरीरातील पाणी आणखी घटते. माझ्या मते सर्वाधिक लक्ष याकडेच द्यावे. पाणी पोटात राहत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. कार्बोप्लॅटिन हे त्याच गटातील औषध मूत्रपिंडाला तुलनेने कमी त्रास देते, परंतु प्रत्येक कर्करोगात ते तितकेच प्रभावी ठरत नाही, त्यामुळे बदलाचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.

प्रश्नकर्ती:
वडील गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकच घेतात. हे आजच डॉक्टरांच्या कानावर घालते. दोघांचेही मनापासून आभार.