विटीदांडूची मोजणी : ‘नाल’नंतर तुमच्या आळीत काय म्हणत असत?

यादोगोपाळकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार.

माझे बालपण साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत गेले. १९७० ते १९७८ या काळातल्या उन्हाळी सुट्ट्या मी आमच्या आळीत आणि वाड्यामागच्या मोकळ्या जागेत खेळून काढल्या. आता पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीतल्या मुलांना या मे महिन्यात विटीदांडू शिकवावा असे आम्ही तिघाचौघा ज्येष्ठांनी ठरवले असून, ओळखीच्या सुताराकडून बाभळीच्या सहा विट्या आणि तीन दांडू करूनही आणले आहेत. विटी दोन्ही टोकांना निमुळती हवी, म्हणजे टोकावर दांडू मारला की ती उसळते, एवढे सुताराला सांगताना माझे हात आपोआप हवेत फिरू लागले. गल केवढी खणायची, विटी कशी कोलायची, झेल गेला की डाव कसा जातो, हे सारे मला लख्ख आठवते.

अडले आहे ते मोजणीपाशी. टोलवलेली विटी जिथे पडे तिथपासून गलीपर्यंतचे अंतर आम्ही दांडूने मोजत असू आणि मोजताना एक, दोन, तीन न म्हणता ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणत असू. ज्या शब्दावर मोजणी संपे, त्या शब्दाला ठरवून दिलेल्या पद्धतीने पुढचा टोला मारायचा असे. वकट आले तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, मूंड आले तर मुठीवरून. ‘नाल’च्या पुढे मात्र माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे एकमत होत नाही. तो म्हणतो, ‘नाल’नंतर थेट ‘आर’, मग ‘वेद’ आणि शेवटी ‘झकू’. माझ्या कानात मात्र ‘नाल’ आणि ‘आर’ यांच्यामध्ये आणखी एक शब्द होता, असे पक्के बसले आहे. तो शब्द ओठांवर येतो आणि निसटतो. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान असला तरी त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, म्हणून मी त्याला खोटे ठरवू शकत नाही.

आपापल्या गावी, आळीत किंवा चाळीत ही मोजणी कशी होत असे, ते कृपया लिहावे. सुट्टीतल्या इतर खेळांविषयी लिहिलेत तरी मला हवेच आहे, कारण विटीदांडू जमला की पुढे लगोरी आणि आट्यापाट्याही शिकवण्याचा विचार आहे.

---

पूर्वभागातला

काका, तुमचा शब्द बहुधा ‘आयटी’ असावा. आम्ही सोलापुरात ‘वकट, रेंड, मूंड, नाल, आयटी, आर, वेद, झकू’ असे म्हणत असू. हे मी इतक्या खात्रीने का सांगतो, त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. आमचे मराठी घर त्याच वस्तीच्या कडेला होते. आमच्या शेजारच्या घरी हातमाग होता आणि त्या घरातल्या आजी दुपारी ओसरीवर बसून सूत उकलत असत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एके दिवशी आमची विटी त्यांच्या पायरीपाशी जाऊन पडली. मी तिथून दांडू टाकत मोजायला सुरुवात केली, ‘वकट, रेंड, मूंड, नाल’. आजींचे हात थांबले. त्यांनी मला जवळ बोलावून पुन्हा म्हणायला लावले आणि मग स्वतःची बोटे एकेक करून मिटत म्हणाल्या, ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु.’ त्यांच्या भाषेतले एक ते सात मी रोज खेळताना म्हणत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्यांना झालेला आनंद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. त्यांनी आतून शेंगादाण्याची चटणी लावलेली भाकरी आणून माझ्या हातावर ठेवली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. नालुगु म्हणजे चार आणि आरु म्हणजे सहा. मध्ये पाच असलाच पाहिजे, तो ऐदु. आमच्या तोंडी त्याचे ‘आयटी’ झाले आणि एडुचे ‘वेद’. ‘लेंड’ हा तुमच्याकडचा उच्चार ‘रेंडु’वरून आला, हे तर उघडच आहे. ‘झकू’ मात्र या मालिकेत बसत नाही, कारण तेलुगूत आठाला ‘एनिमिदि’ म्हणतात. आम्ही झकूला एक पूर्ण फेरी धरत असू, त्यामुळे तो आकडा नसून फेरी पुरी झाल्याची आरोळी असावी, असे मला वाटते.

साताऱ्यात तेलुगू शेजार नसतानाही तुम्ही हेच शब्द म्हणत होतात, याचे मला फार अप्रूप वाटते. हे शब्द आम्हाला कोणा मोठ्या माणसाने शिकवले नव्हते. दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाने ते दर उन्हाळ्यात उचलले, एवढीच त्यांची शाळा.

---

वर्धेकर ताई

आमच्याकडे विदर्भात याला गिल्लीदांडू म्हणतात. मोजणीबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण आमच्या मोहल्ल्यात मुलींना गिल्लीदांडूत क्वचितच घेत असत. आम्हाला सांगितले जाई की गिल्ली डोळ्याला लागेल. मुलांनाही डोळे होतेच, पण त्यांना कोणी अडवत नसे, याचे मला तेव्हाही वाईट वाटे आणि आजही वाटते. तेव्हा आपल्या सोसायटीत मुलींच्या हाती दांडू पहिल्या दिवसापासून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आमचा खरा खेळ म्हणजे डाबडुबली, ज्याला तुमच्याकडे सूरपारंब्या म्हणतात. झाडाखाली एक रिंगण आखायचे, एकाने पायाखालून काठी लांब भिरकवायची आणि ज्याच्यावर राज्य असेल तो ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढून बसायचे. मग राज्य घेणाऱ्याने वर चढून कोणाला तरी शिवायचे, आणि त्याच वेळी इतरांनी खाली उडी मारून काठीला हात लावायचा. माझ्या आजीने यासाठी आम्हा मुलींना कधीही रोखले नाही. तिची अट एकच होती. शेवग्यावर आणि जांभळीवर चढायचे नाही, कारण त्यांच्या फांद्या ठिसूळ असतात आणि मोडण्याआधी मुळीच आवाज करत नाहीत. चिंच आणि वड मात्र वाकतात, करकरतात, सावध करतात. चौदाव्या वर्षापर्यंत कोणती फांदी किती वजन पेलेल, हे मी केवळ तळव्याने ओळखू शकत होते.

उन्हाविषयी एक सूचना करते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून आमच्या शाळाही पुण्यामुंबईच्या शाळांनंतर, जूनच्या अखेरीस सुरू होतात. खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, असा आमच्या घरचा नियम होता आणि दुपारी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून सगळी मुले आत कोंडली जात. पुण्याचे ऊन आमच्याइतके कडक नसले, तरी वेळेचा हा नियम आपण पाळावा.

---

काजूबी

मी रत्नागिरी जिल्ह्यातली आहे. आमच्या वाडीत विटीदांडू होता, पण उन्हाळ्यात त्याला कोणी हात लावत नसे, कारण मार्च ते मे या दिवसांत काजूच्या बिया हाती आलेल्या असत. बिया एका ओळीत मांडायच्या आणि ठरलेल्या अंतरावरून आपल्या मोठ्या, जड बीने नेम धरून उडवायच्या. ओळीतली जेवढी बी बाहेर जाईल तेवढी आपली. हा खेळ आम्ही अगदी जिवावर उदार होऊन खेळत असू, कारण दुकानदार बिया वजनावर विकत घेई. सुट्टीच्या शेवटी ज्याच्या पिशवीत अधिक बिया, त्याला नव्या वह्यांबरोबर चार पैसे जास्त मिळत.

नेमाची बी निवडणे हे मोठे काम असे. मी माझी बी दोन उन्हाळे सांभाळली होती. करड्या रंगाची, एका अंगाला थोडी चपटी, घासून घासून गुळगुळीत झालेली. ती हातात धरली की तर्जनी आपोआप त्या खोलगट वळणात बसे. पहिल्या सरी येण्याआधी घरच्या बिया भाजल्या जात, तेव्हा ती चुकून त्यांच्यात गेली. टरफलातल्या तेलाने त्वचा भाजते, म्हणून मोठी माणसे आम्हाला विस्तवाजवळ येऊ देत नसत. मी अंगणाच्या कडेला उभी राहून ते पाहिले आणि त्या रात्री जेवले नाही.

पुण्यात काजूबिया मिळणार नाहीत, पण चिंचोक्यांनी हा खेळ खेळता येईल. लहानग्यांना तो विटीपेक्षा सुरक्षित आहे.

---

गॅलरीतून

गिरगावातल्या चाळीत विटीला जागा नव्हती आणि काचा फार होत्या. आमचा खेळ डबा ऐसपैस. एकाने डबा लांब फेकायचा, राज्य असलेला तो आणेपर्यंत तीन मजल्यांवरच्या सगळ्या गॅलऱ्यांमध्ये लपायचे. ‘ऐसपैस’ हा शब्द इंग्रजीतल्या ‘आय स्पाय’वरून आला, असे मला मोठेपणी कळले. सोलापूरच्या आजींचा प्रसंग वाचून त्याची आठवण झाली. मुले शब्द कुठूनही घेतात आणि आपलेसे करतात.

एक विनंती. लिंबूटिंबूची प्रथा विसरू नका. खूप लहान भिडूला आम्ही खेळात घेत असू, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. माझा मोठा भाऊ मला हात धरून खाली नेई आणि कोणावर राज्य ते ठरवायला चकण्याआधीच जाहीर करी, ‘हा लिंबूटिंबू.’ त्या एका शब्दामुळे मी चौथ्या वर्षापासून चाळीच्या खेळात होतो. आपल्या सोसायटीतही तीन-चार वर्षांची मुले कडेला उभी राहून पाहत असतील. त्यांना आत घ्यावे.

---

यादोगोपाळकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

‘आयटी’! सोलापूरकर, तुमचे उत्तर वाचताक्षणी मी तो शब्द घरात मोठ्याने उच्चारला. तोच तो. मी लगेच भावाला फोन केला, परंतु त्याने हा शब्द जन्मात ऐकलेला नाही, असे पुन्हा ठामपणे सांगितले. तो असे का म्हणतो, ते मला समजेना, म्हणून साताऱ्यात अजूनही राहणाऱ्या, समोरच्या वाड्यातल्या माझ्या बालमित्राला विचारले. त्याने सांगितलेली हकिगत मी साफ विसरलो होतो.

आमच्या आळीत ‘आयटी’चा टोला डोळ्यावरून असे. मान मागे टाकून, डोळा मिटून, विटी पापणीवर ठेवायची आणि मानेला हिसका देऊन ती उडवत दांडूने टोलवायची. १९७३ च्या मे महिन्यात याच मित्राने विटी उडवली आणि ती दांडूला न लागता टोकावर उलटी येऊन त्याच्या भुवईत घुसली. रक्त पाहून माझ्या आईने त्याला पदराने दाबून धरले आणि डॉक्टरांकडे नेले. दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांतल्या आयांनी आम्हाला ओळीत उभे करून बजावले, की यापुढे हा प्रकार आळीत झाला तर सगळे दांडू बंबात जातील. म्हणून आम्ही तो टोला सोडला आणि टोला गेल्यावर त्याचा शब्दही मोजणीतून गळाला. माझा भाऊ त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्यात खेळायला आला. त्याला मोजणी शिकवली ती मीच, आणि ‘नाल’नंतर ‘आर’ असेच शिकवले.

मित्र म्हणाला की खूण अजून आहे, फक्त आता भुवई पांढरी झाल्यामुळे दिसत नाही.

वर्धेकर ताई, आपल्याकडे नोंदवलेल्या अकरा मुलांत सहा मुली आहेत आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊ ठेवली आहे. टोलवणाऱ्यापासून झेल घेणारी मुले लांब उभी राहतील अशी चुन्याची रेघ आखली आहे. तीन लिंबूटिंबू ठरले आहेत, आणि त्यांच्यासाठी मी आजच मंडईतून अर्धा किलो चिंचोके आणले. मोजणी मात्र पूर्ण शिकवणार, वकटपासून झकूपर्यंत आठही शब्द, आणि ‘आयटी’ आले की विटी तळहातावरून उडवायची, असे मित्राने आणि मी फोनवरच ठरवले आहे.