कोन फिल्टर लावल्यापासून इनटेकची हवा तापतेय, हीट रॅपने भागेल का?

पिस्टनपंत: १.६ लिटर पेट्रोल, टर्बो नाही. स्टॉक एअरबॉक्स (कंपनीचा फिल्टरचा डबा) काढून ७० मिमीचा ॲल्युमिनियम पाइप आणि उघडा कोन फिल्टर लावलाय. बाहेर ३०° असताना स्कॅनरवर इनटेकचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान चालत्या गाडीत ४०°, दहा मिनिटं आयडलला उभी ठेवली की ६५°. पाइपला हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळू का?

गरम_मॅनिफोल्ड: पैसे वाचवा. ६० सेमी पाइपात जेमतेम २.३ लिटर हवा मावते. ३००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर इंजिन सेकंदाला ४० लिटरच्या आसपास ओढतं, म्हणजे हवा पाइपात ०.०६ सेकंदच असते. तेवढ्यात कितीशी तापणार? आयडलला हीच हवा पाऊण सेकंद रेंगाळते, तिथे पाइपची धातू नडते. पण खरा घोळ फिल्टरचा आहे: तो रेडिएटर फॅनने मागे फेकलेली हवाच ओढतोय. स्टॉकच्या डब्याचं नळकांडं बहुतेक गाड्यांत ग्रिलमागे किंवा फेंडरमध्ये उघडतं, शिवाय प्लास्टिक उष्णता हळू आत सोडतं.

६५° मधला काही भाग सेन्सरचाच आहे, तो स्वतः तापून बसतो. तरी हवा खरोखर ६५° झाली तर ३०° च्या तुलनेत घनता १० टक्क्यांनी घटते, ४०° ला जेमतेम ३. वर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळायला इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तो तोटा वेगळा.

स्पॅनर१०_१२: शील्ड, म्हणजे फिल्टरला उष्णतेपासून आडोसा, करा. १ ते १.५ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, फिल्टरच्या इंजिनकडच्या सगळ्या बाजू झाकायच्या, वरच्या कडेला रबर बीडिंग, आणि स्टॉकचं नळकांडं थेट आत सोडायचं. बीडिंग बॉनेटला टेकतंय का ते बघायला कडेवर प्लास्टिसिनचे चार-पाच गोळे ठेवून बॉनेट अलगद बंद करा. उघडल्यावर जिथला गोळा चेपलेला नाही तिथून गरम हवा आत शिरणार. पत्रा वायरिंगला घासू देऊ नका. आणि थंड हवेच्या नादात फिल्टर बंपरखाली नेऊ नका. साचलेल्या पाण्यात पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

ट्रिमवाला: नळीत एअर फ्लो सेन्सर (तापलेल्या तारेने हवा मोजणारा) आहे का आधी बघा. असेल आणि मूळ नळी ६५ मिमीची असेल, तर ७० मिमीत क्षेत्रफळ १६ टक्के वाढतं, हवेचा वेग तेवढा कमी होतो आणि सेन्सर हवा कमी मोजतो. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) +१० च्या वर अडकला तर हेच, पुढे पी०१७१ हा लीन मिश्रणाचा एरर कोड येतो. कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तरी ते तारेवर बसून आकडे बिघडवतं. धुवायला एअर फ्लो सेन्सरचाच स्प्रे, कार्ब क्लीनर नको.

पिस्टनपंत: सेन्सर मॅनिफोल्ड प्रेशरचा आहे (थ्रॉटलच्या पुढे हवेचा दाब मोजणारा), नळीत काही नाही. मग शील्डच. मोजायचं कसं?

गरम_मॅनिफोल्ड: मग ट्रिमची भानगड सुटली. वीस मिनिटं ६० च्या वेगाने, दहा मिनिटं आयडल, परत ६०. प्रत्येक टप्प्यात बाहेरचं तापमान वजा करून फरकच लिहा. निघाल्यावर फरक १० च्या खाली यायला किती सेकंद लागतात तेही लिहा, नुसता आयडलचा आकडा फसवतो. हीच फेरी स्टॉक डब्यावरही घ्या. शील्ड करूनही स्टॉकच सरस निघाला तर डबाच परत लावा, चांगला पॅनेल फिल्टर (डब्यात बसणारा सपाट) घालून.