‘सर्व्हेलन्स’साठी पाळत, सर्वेक्षण की आणखी काही? (रुग्णालयातील संसर्गाच्या नोंदींसंदर्भात चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

तळटीप
एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठी मी सध्या एक मराठी पुस्तिका तयार करत आहे. रुग्णाला दाखल झाल्यानंतर तिथेच होणारे संसर्ग, त्यांच्यावर सातत्याने ठेवायचे लक्ष आणि त्यांची माहिती संसर्ग नियंत्रण समितीला कळवण्याची रीत, असा तिचा विषय आहे. मूळ मसुद्यात ‘सर्व्हेलन्स’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येतो. मी त्यासाठी ‘पाळत’ योजला होता, परंतु तिथल्या एका ज्येष्ठ परिचारिकेने तो खोडून समासात लिहिले, की पाळत चोरावर ठेवतात. ‘देखरेख’ हाताखालच्या माणसांवर असते आणि ‘संनियंत्रण’ मला ‘मॉनिटरिंग’साठी राखून ठेवायचा आहे. आपण कोणता शब्द सुचवाल?

कोशवाचक
हा शब्द शासनव्यवहारात केव्हाच ठरलेला आहे. 2004 साली सुरू झालेला ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण’ प्रकल्प महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात त्याच नावाने ओळखला जातो आणि हिवतापाच्या कामातही ‘सर्वेक्षण’ हाच शब्द रूढ आहे. ठरलेली परिभाषा हाताशी असताना प्रत्येक अनुवादकाने नवा शब्द शोधायचा, तर ती कधीच स्थिरावणार नाही. ‘रुग्णालयजन्य संसर्ग सर्वेक्षण’ असे निःशंकपणे लिहावे.

निवृत्त शल्यक
कोशवाचक, आपली शिस्त मला मान्य आहे, पण या विषयात ‘सर्वेक्षण’ घेतल्याने खरी अडचण उभी राहते. आमच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एका ठरलेल्या दिवशी सगळ्या वॉर्डांतून फिरून त्या घडीला किती रुग्णांना संसर्ग आहे हे मोजणे, हा झाला ‘सर्व्हे’. वर्षभर, रोज, ठरावीक व्याख्या लावून प्रत्येक नवा संसर्ग टिपत राहणे, हे झाले ‘सर्व्हेलन्स’. दोन्हींना ‘सर्वेक्षण’ म्हटले तर पुस्तिका वाचणाऱ्या मुलीला रोजची नोंद आणि एका दिवसाची पाहणी यांतला फरक कळणार कसा?

रोजच्या नोंदीचे महत्त्व भाजकात आहे. सेंट्रल लाइनमुळे (औषधे देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे) रक्तात झालेले जंतुसंसर्ग नुसते मोजून भागत नाही. विभागातल्या किती रुग्णांना लाइन आहे, हे दररोज एकाच ठरलेल्या वेळी मोजून त्या दिवसांची बेरीज करावी लागते आणि मग दर 1000 लाइन-दिवसांमागे संसर्ग किती, असा दर निघतो. 1500 लाइन-दिवसांत 3 संसर्ग झाले तर दर 2 येतो. मूत्रमार्गातील कॅथेटर आणि व्हेंटिलेटर यांचेही तसेच. एखादा दिवस मोजणी चुकली तरी भाजक बिघडतो. ‘सर्वेक्षण’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदा येऊन माहिती लिहून नेणारा माणूस येतो, आणि हे काम तर कधीच संपत नाही.

मूळधातू
‘पाळत’ या शब्दावर अन्याय होतो आहे, असे मला मनापासून वाटते. पाळणे, पालक आणि पाळणा यांच्या मुळाशी जो ‘पाल्’ म्हणजे रक्षण करणे हा धातू आहे, त्याच कुळातला हा शब्द आहे. चोराशी त्याचा संबंध व्यवहाराने नंतर जोडला. उलट ‘सर्व्हेलन्स’चाच पूर्वेतिहास तपासावा: फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात 1793 मध्ये संशयितांवर नजर ठेवण्यासाठी ज्या समित्या नेमल्या गेल्या, त्यांच्या नावातून हा शब्द इंग्रजीत पसरला. वैद्यकातही दीर्घकाळ त्याचा अर्थ साथीच्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्या माणसावर लक्ष ठेवणे, असाच होता. अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगमुर यांनी 1963 मधील लेखात तो माणसावरून रोगावर नेला. इंग्रजीत संशयाचा शब्द जर सेवेचा होऊ शकतो, तर मराठीत का होऊ नये?

अतिदक्षता सिस्टर
मूळधातू सर, धातू काहीही असो, आमच्या कानांना ‘पाळत’ म्हणजे आपल्यावर कोणीतरी डोळा ठेवला आहे, एवढेच ऐकू येते. मी अनेक वर्षे संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम केले आहे आणि या कामातली खरी अडचण भीतीची आहे, असे माझे ठाम मत आहे. संसर्गाची नोंद केली तर ड्रेसिंग कोणी केले, लाइन कोणी हाताळली, असे प्रश्न पहिल्यांदा परिचारिकेलाच विचारले जातात. पूर्वी मी ज्या रुग्णालयात होते, तिथे महिन्यामागून महिने दर शून्य दाखवला जात असे, आणि त्याचे कारण असे, की ताप आलेल्या रुग्णाचे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवण्याआधीच अँटिबायोटिक सुरू होत असे आणि मग कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच वाढत नसे. जो विभाग नीट शोधतो त्याचा आकडा सुरुवातीला वाढतो आणि जो शोधत नाही तो कागदावर स्वच्छ दिसतो. म्हणून शब्द निवडताना त्यात आरोपाची छटा नसावी, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते.

तळटीप ताई, ‘रिपोर्टिंग’चाही विचार करा. वॉर्डात ‘रिपोर्ट’ म्हणजे प्रयोगशाळेचा कागद, आणि ‘तिने रिपोर्ट केला’ म्हणजे तिने वरिष्ठांकडे तक्रार केली. ‘कळवणे’ हे साधे क्रियापद मला बरे वाटते.

मांडवीकाठ
‘रुग्णालयजन्य संसर्ग’ हा जोडशब्दच मुळात का हवा? आमच्या गोव्यात इस्पितळ हा रोजचा शब्द आहे आणि तो पोर्तुगीजांकडून आला म्हणून कोणाला परका वाटत नाही. ‘इस्पितळात झालेली लागण’ म्हटले की रुग्णाच्या नातेवाइकालाही लगेच समजते.

कोशवाचक
‘लागण’ पारिभाषिक म्हणून चालणार नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाचीही लागण होते. शिवाय लागण म्हटले की एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला रोग अभिप्रेत असतो, तर इथले पुष्कळसे संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेवरील किंवा आतड्यातील जंतूंमुळे होतात. हीच हरकत खरे तर ‘संसर्ग’ शब्दावरही घेता येईल, कारण त्याच्या मुळाशी संपर्क आहे. तरीही तो रूढ आहे, म्हणून मी तो स्वीकारतो. मात्र हिंदी वृत्तवाहिन्यांवरून आलेले ‘संक्रमण’ कृपया नको. मराठीत संक्रमण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणे, आणि तो अर्थ आपण गमावता कामा नये.

निवृत्त शल्यक
माझा आक्षेप ‘जन्य’वर आहे. जन्य म्हटले की रुग्णालयाने तो निर्माण केला, असे विधान होते. व्याख्या मात्र काळावर आधारलेली आहे: दाखल होताना जो संसर्ग नव्हता, अंगात मुरतही नव्हता आणि सर्वसाधारणपणे 48 तासांनंतर प्रकट झाला, तो इथे धरतात. शस्त्रक्रियेच्या जखमेसाठी ही मुदत 30 दिवस आणि कृत्रिम सांधा बसवण्यासारख्या काही शस्त्रक्रियांसाठी 90 दिवस असते, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावरही त्याची चौकशी करत राहावे लागते. म्हणूनच इंग्रजीतही ‘रुग्णालयात मिळालेला’ हा शब्दप्रयोग मागे पडून ‘आरोग्यसेवेशी निगडित’ असा सौम्य प्रयोग पुढे आला.

मूळधातू
डॉक्टरसाहेब, हा सौम्यपणा मला पटत नाही. बाळंतिणीच्या तापाला आपल्याकडे ‘बाळंतरोग’ म्हणत. त्या नावात दोष तिच्या बाळंतपणाकडे जातो. व्हिएन्नामध्ये डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 साली दोन प्रसूतिविभागांतील मृत्यूंचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा दिसले की शवविच्छेदन करून आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया दगावत होत्या. क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती मेमध्ये झाली, आणि एप्रिलमध्ये 18 टक्क्यांच्या वर असलेले मृत्यूंचे प्रमाण जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास उतरले. रोग कुठून आला हे नावातच सांगणारा शब्द त्या स्त्रियांच्या बाजूचा ठरला असता. ‘जन्य’ कठोर आहे आणि तो कठोरच राहावा.

अतिदक्षता सिस्टर
सर, तो कठोरपणा संस्थेवर पडला तर माझी काहीच हरकत नाही. प्रत्यक्षात तो नेहमी रात्रपाळीच्या मुलीवर पडतो, आणि एकेका परिचारिकेकडे ठरल्यापेक्षा किती जास्त रुग्ण होते हे त्या तक्त्यात कोणी लिहीत नाही.

तळटीप
सर्वांची आभारी आहे, पण माझा मूळ प्रश्न ‘सर्व्हेलन्स’चा होता आणि मसुदा छपाईला जायचा आहे. मला आता ‘संसर्ग-निगराणी’ सुचते आहे. ‘निगा राखणे’ आपण आपुलकीने म्हणतो, त्यामुळे या शब्दात संशय राहणार नाही असे वाटते.

मूळधातू
निगा हा फारसी ‘निगाह’, म्हणजे नजर. नुसत्या पाहण्याचा अर्थ मराठीने काळजीपर्यंत आणला. ‘पाळत’चा मार्ग याच्या नेमका उलट झाला. मला शब्द आवडला.

कोशवाचक
‘निगा’ मराठी आहे, हे मान्य. ‘निगराणी’ मात्र आजच्या वाचकाला हिंदी वाटणार, आणि त्यातही पहाऱ्याचाच अर्थ अधिक आहे. शिवाय उद्या जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला हीच माहिती पाठवायची झाली, तर एका बाजूला निगराणी आणि दुसऱ्या बाजूला सर्वेक्षण असे दोन शब्द एकाच कागदावर येतील. माझे मत बदललेले नाही.

निवृत्त शल्यक
मग एका दिवसाच्या मोजणीला ‘पाहणी’ म्हणा आणि रोजच्या नोंदीला ‘सतत सर्वेक्षण’. शब्द लांबतो, पण भाजक रोज मोजायचा आहे हे तरी त्यात येते.

अतिदक्षता सिस्टर
‘सतत सर्वेक्षण’ तक्त्याच्या वर छापायला चालेल. रात्री दोन वाजता रकाना भरणारी मुलगी त्याला ‘सर्व्हेलन्स’च म्हणेल, तेव्हा देवनागरीत तोच शब्द ठेवायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

मांडवीकाठ
आणि ‘लागण’ उसाची होते म्हणून माणसाची होऊ नये, हेही मला पटलेले नाही. 2020 मध्ये ‘कोरोनाची लागण’ सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिले, तेव्हा कोणाचाही गोंधळ झाला नव्हता.