चकचकीत पत्र्याच्या चळतीची उंची मोजताना लेझर सेन्सरचे रीडिंग स्थिर राहत नाही

प्रश्न
नमस्कार. भोसरीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यांच्या चळतीची उंची मोजण्यासाठी २०० ते ६०० मिमी रेंजचा, ट्रायअँग्युलेशन प्रकारचा लेझर सेन्सर वरून बसवला असून त्याचे ४ ते २० मिलिअँपिअरचे आउटपुट पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) दिले आहे. पत्रे तेलकट आणि चकचकीत आहेत. चळत जागची हललेली नसतानाही रीडिंग ८-१० मिमीने मागेपुढे होते. सेन्सर बदलूनही फरक पडला नाही. दोष कुठे शोधावा?

उत्तर १
तिसरा सेन्सर मागवण्याआधी एक चाचणी कराच. सर्वांत वरच्या पत्र्यावर चमक नसलेला पांढरा कागद चिकटवा, प्रेस बंद ठेवा आणि रीडिंग पाहा. ते स्थिर झाले, तर अडचण परावर्तनाची आहे. या प्रकारच्या सेन्सरला पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश लागतो आणि त्या ठिपक्याची प्रतिमा रिसीव्हरवर कुठे पडते यावरून तो अंतर काढतो. तेलकट पत्र्यावरून मात्र बराचसा प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला जातो आणि त्याची झळाळी थेट रिसीव्हरमध्ये शिरली, तर प्रतिमेचा मध्य सरकतो. म्हणून झळाळी रिसीव्हरपासून दूर जाईल अशा बाजूला सेन्सर किंचित कलता करावा. १० अंश कलल्यास ४०० मिमी उभे अंतर सुमारे ४०६ मिमी दिसते, त्यामुळे पीएलसीमध्ये रीडिंगला त्या कोनाच्या कोसाइनने गुणावे लागेल. कलवलेला किरण पत्र्यावरून उलटून ऑपरेटरच्या डोळ्यांच्या पातळीवर जात नाही ना, हे मात्र आधी तपासा.

उत्तर २
वरील चाचणी कागद तसाच ठेवून प्रेस चालू असतानाही करावी. तुमच्या रेंजमध्ये १ मिलिअँपिअर म्हणजे २५ मिमी होतात, म्हणजेच केबलमध्ये ०.१ मिलिअँपिअरचा विद्युत गोंगाट (नको असलेला सिग्नल) शिरला तरी २.५ मिमीची चूक येते. सिग्नलची केबल शिल्डेड (धातूच्या जाळीचे आवरण असलेली) असावी आणि मोटर ड्राइव्हच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाच्या) केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये. ब्रॅकेट प्रेसच्या फ्रेमवर असेल, तर कंपने फिल्टरने (अनेक रीडिंगची सरासरी घेऊन) लपवण्यापेक्षा जमिनीवर वेगळा स्टँड उभारणे मला अधिक योग्य वाटते, कारण सरासरीचे नमुने वाढवले की प्रतिसाद मंदावतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कागदावर, प्रेस बंद असताना, फरक १ मिमीच्या आत आला; प्रेस चालू केल्यावर तो ३ मिमी झाला. केबल खरोखरच ड्राइव्हच्या ट्रेमध्ये होती. ती वेगळी केली, सेन्सर कलवला आणि आता उघड्या पत्र्यावरही फरक २ मिमीपेक्षा जास्त होत नाही. फक्त सकाळी मशीन सुरू केल्यावर पहिला अर्धा तास रीडिंग हळूहळू सरकते.

उत्तर १
सेन्सर आतून तापून स्थिर होईपर्यंत असे होणे स्वाभाविक आहे. त्याचा २४ व्होल्टचा पुरवठा मशीनच्या मुख्य स्विचपासून वेगळा करून शिफ्टच्या अर्धा तास आधी चालू ठेवा आणि शून्याची जुळणी त्यानंतरच करा.